दारू विकणारा दिसतो, पिणारा कुठे आहे?

‘रईस’मधला धंद्यावरचा तो संवाद एव्हाना सिनेमातून सुटून मोकळा झालाय. सिनेमा २५ जानेवारी २०१७ ला आला. त्यानंतर तो संवाद स्टेटसवर गेला, रील्सवर गेला, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गेला. तुम्हाला तो पाठ असेलच, म्हणून इथे लिहीत नाही. अर्थ इतकाच की कुठलाही धंदा लहान नसतो आणि धंद्यापेक्षा मोठा धर्म नसतो. आमच्या कर्वेनगरात मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकलेला मुलगाही तो लावतो आणि मोमोजची गाडी लावणाराही. दोघांच्या तोंडी तो शोभतो, कारण दोघंही खरंच कष्ट करतात.

सिनेमात मात्र तो संवाद दारूची चोरटी वाहतूक करणाऱ्या माणसाचा आहे. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी कुणाला खटकत नाही. एका बेकायदा धंद्याचं समर्थन सगळ्या धंद्यांचं बोधवाक्य कसं होतं, हे मला शोधायचं आहे. शाहरुख पडद्यावर आला की मीही शिट्टी मारणाऱ्यांच्या बाजूची असते, त्यामुळे हा लेख सिनेमावर बंदी आणा म्हणणाऱ्यांसाठी नाही. तो सिनेमा आवडलेल्यांसाठी आहे.

भाईची पाच कारणं

१९५७ साली ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी एक छोटा निबंध लिहिला. गुन्हेगारीकडे वळलेल्या पोरांची मूल्यंच उलटी असतात, चांगलं-वाईट त्यांना वेगळंच वाटतं, असं तेव्हा बरेच अभ्यासक मानत. या दोघांनी म्हटलं, तसं नाही. या पोरांनाही चांगलं-वाईट तुमच्या-आमच्याइतकंच कळतं. फक्त ते स्वतःला काही कारणं देतात आणि मनाची पकड सैल करून घेतात. ही कारणं पकडले गेल्यावर सुचतात असंही नाही. ती गुन्ह्याच्या आधीच तयार असतात, म्हणून तर गुन्हा करता येतो.

त्यांनी पाच कारणं मोजली. आपल्या भाषेत ती साधारण अशी होतील. एक, माझ्या हातात काही नव्हतं, परिस्थितीच तशी होती. दोन, यात कुणाचं काही बिघडलं नाही. तीन, बिघडलं असेल तर त्याची तीच लायकी होती. चार, मला नावं ठेवणारे कोण मोठे साधू लागून गेले? पाच, मी हे माझ्या माणसांसाठी केलं.

आता कुठलाही भाईचा सिनेमा आठवा आणि बोटं मोजा. पाचही सापडतील, बहुतेक वेळा याच क्रमाने. पहिल्या अर्ध्या तासात गरिबी, मध्यंतरापर्यंत यश, मग ढोंगी पुढारी आणि विकाऊ पोलीस, आणि शेवटी रस्त्यावर रडणारी वस्ती.

दारूच्या धंद्यात दुसरं कारण फार सोपं होतं. खंडणी घेणाऱ्याला समोर घाबरलेला दुकानदार दिसतो. सुपारी घेणाऱ्यासमोर प्रेत पडतं. दारू विकणाऱ्यासमोर मात्र स्वतःहून चालत आलेलं गिऱ्हाईक असतं. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा शिकागोचा अल कपोन हेच सांगत असे: लोकांना हवंय ते मी पुरवतो, मी व्यापारी आहे. मंदीच्या काळात त्याने बेकारांसाठी फुकट जेवणाची सोय केली, रांगा लागल्या, फोटो छापून आले. १९३१ मध्ये त्याला शिक्षा झाली ती कर चुकवल्याबद्दल. म्हणजे कायद्यानेसुद्धा शेवटी त्याला चुकार व्यापारी म्हणूनच पकडलं. हे समर्थन कपोनबरोबर संपलं नाही. ते आपल्याकडच्या पडद्यावर आलं.

रईसच्या वहीत काय लिहिलंय

राहुल ढोलकियांच्या ‘रईस’चा नायक दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये वाढतो. घरी गरिबी, डोळे अधू, ‘बॅटरी’ म्हणून चिडवणं. अतुल कुलकर्णीने साकारलेल्या जयराजच्या हाताखाली तो धंदा शिकतो, मग स्वतःचा उभा करतो. निर्मात्यांनी कथा काल्पनिक असल्याचं सांगितलं, तरी प्रेक्षकांना अहमदाबादचा अब्दुल लतीफ आठवला. लतीफही दारूच्या धंद्यात वाढला आणि १९८७ मध्ये तुरुंगात असताना महापालिकेच्या पाच वॉर्डांतून निवडून आला होता. सिनेमातला रईसही तुरुंगातून निवडणूक जिंकतो.

सिनेमा या माणसाच्या बाजूचे पुरावे नीट गोळा करतो. अडचणीच्या काळात तो वस्तीला जेवू घालतो, वस्तीसाठी घरं बांधायला घेतो. दारूबंदीची यात्रा काढतो तो एक पुढारी, आणि तीही मतांसाठी. म्हणजे दारूला विरोध करणारा हाच ढोंगी ठरतो. साइक्स-मॅट्झांचं चौथं कारण पटकथेनेच सिद्ध करून दिलं. नवाजुद्दीनचा मजमुदार हा एक सरळ पोलीस अधिकारी आहे, पण त्याची लढाई रईसशी आहे. दारूने कुणाचं काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही.

आणि पिणारे? ते दिसतात, पण कुठे ते बघा. मजमुदार मायकल जॅक्सनच्या वेशात एका पार्टीत शिरतो, नाचतो आणि धाड टाकतो. तिथे पिणारे आहेत, आणि ते मजेत आहेत. बाकी सिनेमाभर दारू म्हणजे खोकी, ट्रक, लपवायच्या युक्त्या आणि रोड रोलरखाली फुटणाऱ्या बाटल्या. माल दिसतो. तो ज्याच्या पोटात जातो तो माणूस, त्याचं घर, त्याचा महिन्याचा पगार दिसत नाही.

शेवटाकडे रईस अडचणीत येतो तो सोन्याच्या नावाखाली आलेल्या स्फोटकांमुळे. बॉम्ब फुटतात, माणसं मरतात, रईस हादरतो. सिनेमा त्याला इथे अपराधी ठरवतो आणि त्याच वेळी आधीच्या सगळ्या आयुष्यातून मोकळं करतो. बॉम्बच्या शेजारी ठेवली की दारू निरुपद्रवी वाटते. ही पटकथेची हुशारी आहे आणि मला ती सिनेमातली सगळ्यात मोठी पळवाट वाटते.

नायकनने काय गाळलं, काय ठेवलं

‘रईस’च्या तीस वर्षं आधी मणिरत्नमचा ‘नायकन’ आला होता, १९८७ मध्ये. कमल हासनचा वेलू नायकर बेतला होता मुंबईच्या वरदराजन मुदलियारवर. पुढच्याच वर्षी फिरोज खानने विनोद खन्नाला घेऊन त्याचा हिंदी ‘दयावान’ केला. नावातच निकाल लागला होता.

वरदराजन तमिळनाडूतल्या तुतिकोरिनहून मुंबईत आला आणि व्हीटी स्टेशनवर हमाली करू लागला. त्याचं साम्राज्य उभं राहिलं ते हातभट्टीवर. धारावी, सायन-कोळीवाडा, माटुंगा हा त्याचा पट्टा. काळा गूळ आणि नवसागर घालून सडवलेलं रसायन, भट्टीवर काढलेली दारू, टायरच्या ट्यूबमधून वाहतूक, अड्ड्यावर विक्री आणि चौकीवर हप्ता, असा हातभट्टीचा धंदा चालायचा. वरदराजन दर्ग्यात गरिबांना जेवू घालायचा, माटुंगा स्टेशनबाहेर गणपतीचा झगमगाटी मंडप उभारायचा, वस्तीतले तंटे सोडवायचा. लोक त्याला वरदाभाई म्हणत. ऐंशीच्या दशकात वाय. सी. पवार या पोलीस अधिकाऱ्याने त्याचे अड्डे मोडून काढले. वरदराजन मद्रासला गेला आणि जानेवारी १९८८ मध्ये तिथेच वारला.

आता ‘नायकन’ पुन्हा बघा. पडद्यावरचा धंदा मुख्यतः बंदरावरच्या तस्करीचा आहे. हातभट्टी मागे पडली आहे. हे मला महत्त्वाचं वाटतं. तस्करीचा माल श्रीमंतांकडे जातो आणि नुकसान सरकारच्या जकातीचं होतं. हातभट्टीची दारू मात्र त्याच वस्तीत विकली जाते जिला भाई जेवू घालतो. तस्कर वस्तीसाठी बाहेरून पैसा आणतो असं दाखवता येतं. हातभट्टीवाल्याचा पैसा वस्तीतूनच येतो, आणि त्यातला थोडा तो वस्तीला परत देतो. असा नायक कमल हासनलाही पेलणं अवघड गेलं असतं.

तरीही मी ‘नायकन’ला ‘रईस’पेक्षा बराच वरचा मानते, आणि त्याला कारण आहे. वेलू ज्या केळकर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला मारतो, त्याची बायको आणि मतिमंद मुलगा सिनेमात येतात. वेलू त्यांना सांभाळतो, पैसे देतो. आपल्याला वाटतं फिटलं. मग त्याची मुलगी मोठी होते आणि बापाला जाब विचारते. वेलू उत्तर देतो की समोरच्यांना आधी थांबायला सांग, मग मी थांबतो. मुलीला ते पटत नाही, ती घर सोडते. शेवटी नातू अगदी साधा प्रश्न विचारतो, तुम्ही चांगले की वाईट, आणि वेलू म्हणतो की मला माहीत नाही. कोर्ट त्याला सोडतं. बाहेर केळकरचा तोच मुलगा त्याला गोळी घालतो.

म्हणजे ‘नायकन’मध्ये नुकसान झालेल्या माणसाला चेहरा आहे, घर आहे, आई आहे. वर्षानुवर्षं दिलेल्या पैशाने ते नुकसान भरून निघत नाही, हे सिनेमा शेवटच्या मिनिटाला सांगतो. फक्त ही विधवा चाकू-पिस्तुलाच्या बाजूची आहे. दारूच्या बाजूची विधवा तिथेही नाही.

कारणं खोटी असतात असं नाही

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी भाईला खोटारडा ठरवतेय. त्याची बरीच कारणं खरी असतात. म्हणून तर ती चालतात.

कायद्याचंच बघा. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदी कायदा झाला. पुढे सवलती आल्या, दुकानं आली, बार आले, पण कायद्याचं नाव आजही दारूबंदी कायदाच आहे. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री अजून परवाना लागतो. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं आणि कडक दारूसाठी २५. हे वाचणाऱ्यांपैकी किती जणांच्या पाकिटात तो परवाना आहे, हे मी विचारत नाही. सगळेच मोडतात असा कायदा असला की तो कुणावर चालवायचा हे चालवणारा ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा वस्तीवर चालतो.

पुण्यात हे आपण अलीकडेच पाहिलं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि आधी पबमध्ये गेला होता. काही तासांत त्याला जामीन मिळाला. त्यातल्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. संताप उसळल्यावर पुढची चक्रं हलली. पण त्या पहिल्या दिवशी कुठल्याही वस्तीतला मुलगा काय म्हणाला असेल याची कल्पना करा. मोठ्यांच्या पोरांना निबंध आणि आम्हाला मोक्का. या वाक्याला मला उत्तर देता येत नाही.

बंदीचंही तसंच. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली, तेव्हा बेकायदा विक्री वाढल्याचं कारण पुढे केलं. बंदी आली की चोरटा विक्रेता येतो, हे शिकागोपासून चंद्रपूरपर्यंत दिसलंय. आणि सगळे विक्रेते काही वरदाभाई नव्हते. मुंबईत दारूबंदीच्या काळात घरातल्या घरात गुत्ता चालवणाऱ्या ‘आंट्या’ होत्या. त्यांत नवरा गेलेल्या, पोरं पदरात असलेल्या बायकाही होत्या. परिस्थितीचं कारण सगळ्यात खरं असेल तर ते त्यांचं. पण त्यांच्यावर कुणी ‘दयावान’ काढला नाही. आपल्याला नायकाची परिस्थिती हवी असते ती तो पुढे मोठा होणार असतो म्हणून. जी आंटी शेवटपर्यंत चाळीतल्या खोलीतच राहिली, तिच्या कारणात आपल्याला रस नसतो.

एक खरी वही

भाईची बाजू मला सिनेमापेक्षा जास्त चांगली समजावून सांगितली ती आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. त्या कर्वेनगरच्याच एका वस्तीत राहतात. नवरा गवंडीकाम करायचा, गावठी प्यायचा, आठ वर्षांपूर्वी लिव्हर जाऊन वारला. मी या लेखासाठी सिनेमे पुन्हा बघत होते, तेव्हा त्यांच्याशी बोलणं झालं. मला वाटलं होतं त्या दारू विकणाऱ्याला शिव्या देतील.

“माणूस वाईट नव्हता हो ताई,” त्या म्हणाल्या. “पोरगी दवाखान्यात होती तवा रातच्याला घरी येऊन दोन हजार दिले. सख्ख्या भावानं दिले नाहीत.”

मग परत केले का, असं मी विचारलं.

“त्याच्या वहीत लिहिलेलं की. ह्यांच्या बाकीखालीच लिहिलं त्यानं. दर शनवारी ह्यांच्या पगारातनं कापून घ्यायचा, आधी दारूचे, मग पोरीचे.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट व्यवहार चोख होता याचं थोडं कौतुकच होतं. नवऱ्याच्या दारूची बाकी आणि मुलीच्या सलाइनचे पैसे एकाच पानावर, एकाखाली एक. ते दोन हजार कुठून आले, हे त्या पानावरच लिहिलेलं होतं. त्यांना तसं वाटलं नाही, आणि मी ते त्यांना बोलून दाखवलं नाही.

तेव्हापासून वस्तीला जेवू घालणारा भाई दिसला की मला ते पान दिसतं. दानाचा प्रसंग खोटा नसतो. रात्री दोन हजार घेऊन येणारा माणूस खरंच येतो, आणि सख्खा भाऊ खरंच येत नाही. सिनेमा पानाचा खालचा भाग दाखवतो आणि वरचा झाकतो, एवढंच.

मालवणी

वरच्या भागात काय असतं याचं टोकाचं उदाहरण जून २०१५ मध्ये मुंबईत घडलं. मालाडच्या मालवणीत, लक्ष्मीनगर भागात, विषारी गावठी पिऊन शंभराहून जास्त माणसं मेली. बहुतेक हातावर पोट असलेली. विक्रोळीत २००४ मध्ये असंच घडलं होतं.

अशा दारूत मिथेनॉल असतं. रंगाच्या, रसायनांच्या कारखान्यात वापरतात ते, पिण्याच्या अल्कोहोलपेक्षा स्वस्त. चवीत फरक कळत नाही. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक अ‍ॅसिड करतं. याला वेळ लागतो, कधी बारा तास, कधी दिवसभर. तोवर माणूस नेहमीसारखा झिंगून झोपतो. सकाळी डोकं दुखतं, पोट ढवळतं, सगळ्यांना वाटतं उतरतेय. मग डोळ्यांपुढे धुकं येतं, कारण हे अ‍ॅसिड डोळ्याच्या नसेवर जातं. वेळेत दवाखान्यात पोचला तर उतारा आहे. पण रोज पिणाऱ्याला डोकं दुखतंय म्हणून दवाखान्यात कोण नेतं?

‘गिऱ्हाईक स्वतःहून येतं’ हे समर्थन इथे तुटतं. गिऱ्हाईक दारू मागायला आलं होतं, मिथेनॉल मागायला नाही. आणि हा अपघातही नसतो. बेकायदा मालाला लेबल नसतं, तपासणी नसते, तक्रारीची खिडकी नसते. वरून हप्ता द्यायचा आणि खालून भाव वाढवायचा नाही, तर मधला पैसा मालातूनच काढावा लागतो. विषारी दारू ही या धंद्याच्या गणितातच बसलेली आहे.

मालवणीतल्या त्या शुक्रवारवर, शनिवारवर, हॉस्पिटलच्या त्या रांगांवर शाहरुखच्या तोडीचा सिनेमा मला माहीत नाही.

एकाच स्वयंपाकघरातली चार भावंडं

मग भाईची गोष्ट सांगायचीच नाही का? सांगायची. मराठीत ती वेगळ्या तऱ्हेने सांगून झालीय. जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक नव्वदच्या दशकातलं. गिरणी संप, घरात पैसा नाही, चार भावंडं आणि आई. नरू गुंडगिरीकडे वळतो. महेश मांजरेकरांनी २०१० मध्ये यावरच ‘लालबाग परळ’ केला, पण मला इथे नाटकच जास्त कामाचं वाटतं.

नरूची कारणं खोडून काढायला नाटककाराने कुणालाही भाषण दिलेलं नाही. त्याने फक्त नरूला एकटं सोडलं नाही. तो ज्या घरात बोलतो तिथेच बाबा आहे, मोहन आहे, मंजू आहे. संप त्यांच्याही वाट्याला आला. बाबा लेखक व्हायला बघतो, मोहन क्रिकेटच्या नादात आहे, मंजू आपली वाट शोधते. कुणाचंच फार बरं चाललेलं नाही, पण नरूची वाट नरूनेच धरलीय हे आपल्याला दिसत राहतं. परिस्थिती खरी आहे आणि निवडही खरी आहे. आईला दोन्ही भोगावं लागतं.

प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) आपल्या अगदी शेजारचा. कर्वेनगरहून निघालं तर पौड रस्त्याने मुळशी फार लांब नाही, आणि कर्वेनगर स्वतः तरी काय, हिंगण्याच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या सोसायट्याच. जमीन विकलेल्या बापाचा मुलगा गुंड होतो, ही त्यातली गोष्ट. रील्समध्ये त्यातला राहुल्या उरला. सिनेमात मात्र मोहन जोशींचा बाप सतत हजर आहे, आणि मुलाचं समर्थन त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावर येऊन अडतं. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये बाप मावत नाही. कापताना सगळ्यात आधी तोच जातो.

आडवी बाटली

दारूच्या हिशोबात न धरलेली माणसं कुठे दिसतात? महाराष्ट्रात एका ठिकाणी ती मोजली जातात. गावातल्या किंवा वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर मतदान घेता येतं. पत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं असतात. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. बऱ्याच गावांत बायकांनी हे करून दाखवलंय. हे फक्त परवान्याच्या दुकानाला लागू होतं, हातभट्टीला कोण मतदान घेऊन बंद करणार, ही त्यातली मर्यादा. पण त्या मतदानाला उभं राहिलेल्या बाईची गोष्ट घ्या. नवरा पितो, विकणारा गावातलाच, अडीअडचणीला त्यानेच पैसे दिलेले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिला रांगेत उभं राहायचंय. यात गरिबी आहे, धोका आहे, उपकाराचं ओझं आहे, निवड आहे. भाईच्या सिनेमात जे जे लागतं ते सगळं आहे.

महर्षी कर्व्यांनी १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडीत विधवांचा आश्रम आणला, आणि त्यांच्याच नावावरून आमचं उपनगर ओळखलं जातं. इथे बसून दारूच्या सिनेमात विधवा शोधाविशी वाटली, तर त्यात फार काही विशेष नाही.

‘रईस’ पुन्हा लागला तर मी पुन्हा बघणार आहे. संवाद आला की टाळीही देईन, तो लिहिलाच चांगला आहे. फक्त ट्रकमधली खोकी उतरायला लागली की तुम्हीही माझ्यासारखं मोजून बघा: एका खोक्यात किती बाटल्या, एक बाटली किती दिवसांच्या मजुरीची, आणि ती मजुरी त्या शनिवारी कुणाच्या घरी गेली नाही.